दातांवरचा सूर

मंगळवार, ७ जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

बाबा,

लिहायला बसलो तेव्हा मी कोमट पाण्यात मीठ ढवळत होतो. पाणी जरा जास्त तापलं, म्हणून ते निवेपर्यंत कागद घेतला. गार चालत नाही, गरम चालत नाही, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला लागतं तसं पाणी लागतं. वहिनी हे वाचून दाखवत असतील तर आधी रेडिओ बंद करा. तुम्ही एका कानाने बातम्या ऐकता, दुसऱ्याने माणसं, आणि मग म्हणता, मला कोणी काही सांगत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. तार बसली. वरच्या दातांना आणि खालच्याही. प्रत्येक दातावर एक बारीक चौकोनी क्लिप चिकटवतात आणि सगळ्यांमधून तार नेतात. पहिले चार दिवस उकडलेला बटाटाही चावला नाही. पाचव्या दिवशी ठणका गेला आणि त्याच्या जागी शिवशिव आली. ठणका परवडला, बाबा. तो एका जागी बसून असतो. शिवशिव न सांगता येते. वारा लागला की येते. गार पाण्याचा घोट घेतला की डोळ्यापर्यंत सणक जाते. काल हसलो, तोंडात हवा गेली, आणि उरलेलं हसू तसंच राहिलं. ढोलवाले काका म्हणाले, "काय रे, हसूसुद्धा हप्त्याने देतोस का आता?"

बँडच्या दुकानात सगळे मला "रेल्वे" म्हणतात. मी शिरलो की कोणीतरी ओरडतं, "फाटक पाडा रे!" ट्रम्पेटवाला आता मास्तर झालाय. तुमच्या खुर्चीवर बसतो, पण पाठ टेकत नाही. लाल कोट धुऊन आले, त्यातल्या दोघांची बटणं गेली. मी बसवली.

त्या दिवशी तुम्ही पुरतं ऐकलं नाहीत, म्हणून पुन्हा लिहितो. माझे खालचे दात वरच्यांच्या मागे टाळूला लागतात. वरचे दोन त्यामुळे पुढे ढकलले जातात आणि आतलं हाड झिजतं. डॉक्टर म्हणाल्या, पस्तिशीच्या आत हलायला लागतील. हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझे नाही हलले? हलत्या दातांनी सात वर्षं क्लॅरिनेट वाजवला मी." आणि मी म्हणालो, "आणि मग?"

त्या "आणि मग"बद्दल मी काही लिहीत नाही. तुमचे दात गेले आणि वाजवणं गेलं, हे सांगायला मी नको होतो.

मग तुम्ही म्हणालात, "तुझ्या आजोबांचे दात पुढे, माझे पुढे, तुझे पुढे. आपला सूर त्या दातांवर बसलाय. दात मागे घे, सूर मागे जाईल. मग तो माझ्या कानावर घालू नकोस." दुसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन आला. तुम्ही म्हणालात, डोळे दाखवून पंधरा दिवसांत येतो. पण बॅगेत स्वेटरबरोबर तुम्ही उन्हाळ्याचे सदरेही भरलेत. तेव्हा मला कळलं.

वाजवणं ठीक चाललंय. पाणी निवलं.

तुमचा धाकटा


रविवार, २ फेब्रुवारी, दुपारी दोन

बाबा,

वहिनींचं उत्तर आलं. तुम्ही पत्र शेवटपर्यंत ऐकलंत आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून घेताना एकदम विचारलंत, "पत्ती कितीची लावतो म्हणावं?" दादाचा वस्तरा दचकला म्हणे. तर ऐका. माउथपीसवरची वेताची पत्ती पूर्वी तीनची लावायचो, आता त्याहून नरम, दोनची. दोनची शाळेतली पोरं लावतात हे मला माहीत आहे. तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून घेतो.

अडचण अशी आहे. वरचे दात माउथपीसवर टेकले की वाजवताना त्यातली थरथर दातांत चढते. लहानपणी तुम्ही माझ्या कानांत बोटं घातली होतीत आणि म्हणाला होतात, "आता दातांनी ऐक." तीच थरथर आता सणक होऊन कपाळात जाते. म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून माउथपीसवर चिकटवला. सणक अर्धी झाली. पण आता वाजतं ते दातांना ऐकू येत नाही. शेजारच्या खोलीत दुसराच कोणी वाजवतोय असं वाटतं.

खालचा ओठ आतून क्लिपांवर कापतो. त्यावर मेण लावायला दिलंय. तिसऱ्या गाण्याला मेण सुटतं. दोनदा गिळलं. काका म्हणाले, "काळजी नको, आतून गुळगुळीत होशील."

सगळ्यात वाईट सकाळची हवा. हार्डवेअरच्या एका दुकानाचं उद्घाटन होतं, आठ वाजता, रस्त्याच्या तोंडाशी, समोरून वारा. श्वास ओठांच्या कोपऱ्यांतून घ्यावा तर ती गार हवा थेट दातांवर. नाकाने घ्यावा तर वेळ लागतो. तुम्ही जिथे एका दमात जायचात तिथे मी दोनदा तुटलो. लोकांना कळलं नाही. मालक तर पेढ्यांचे खोके मोजण्यात होता. पण तुम्हाला कळलं असतं.

मग डॉक्टरांकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावर, चपलांच्या दुकानावर त्यांचा दवाखाना आहे. प्रत्येक पायरीला नव्या चामड्याचा वास येतो. त्यांनी एका नळीने दातांवर नुसती हवा सोडली आणि मी खुर्चीचा हात धरला. त्या म्हणाल्या, "माझ्या खुर्चीतून नखं काढा आधी." मग आरसा आत घालून बराच वेळ बघत राहिल्या.

"दिवसातून किती वेळा घासता?"

"पाच वेळा."

"पाच! आणि जोर लावून?"

"तारेत काही अडकून राहू नये म्हणून."

"अहो, तुम्ही दात घासता की भांडी? हिरडी मागे सरकलीय तुमची. मुळं उघडी पडलीत. शिवशिव तारेने कमी आणि तुमच्या स्वच्छतेने जास्त आहे."

मला फार लाज वाटली. नीट करायला गेलो तेच नडलं. आता मऊ ब्रश, दोनच वेळा, पेन धरतो तसा धरून. शिवशिवीची पेस्ट बोटाने दातांच्या मुळाशी लावायची आणि अर्धा तास पाणी घ्यायचं नाही. आंबट बंद. बर्फ बंद. मी विचारलं, दुखलं तर सोसायचं किती आणि सांगायचं किती? त्या म्हणाल्या, "तार आवळल्यावरचे चार दिवस सोसा. पाचव्या दिवसाचं मला सांगा."

वाजवणं ठीक आहे.

धाकटा


शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळी

वहिनी,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, वाचून दाखवू नका. पाकिटावर तुमचं नाव मुद्दाम ठळक लिहिलंय, म्हणजे दादाने उघडलं तर त्याला थोडी तरी लाज वाटेल.

मी बाबांना खोटं लिहिलं. वाजवणं ठीक नाही. हार्डवेअरवाल्याच्या उद्घाटनानंतर दुसऱ्याच आठवड्यात एका लग्नात माझा सूर फाटला. फाटला म्हणजे शिट्टी झाली, आणि ती नेमकी नवरदेव गाडीतून उतरताना झाली. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने मागे वळून विचारलं, "कुकर कुणी आणलाय?"  दुकानात आल्यावर मास्तरने माझ्या हातात झांजा दिल्या. "सुधारेपर्यंत ह्या धर, पोरा. तुझ्या बाबांना मी काय तोंड दाखवू?" त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी झांजांवर आहे. दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा मागच्या खोलीत कोटांच्या रांगेत उभा राहून क्लॅरिनेट वाजवतो. कोट आवाज पिऊन टाकतात.

परवा दादाचा फोन आला. बाबांच्या मूत्रपिंडांचं त्याने सांगितलं. म्हणाला, "डॉक्टर वर्ष म्हणतात, पण म्हणताना आपल्याकडे बघत नाहीत." माझी तार निघायला अजून चौदा महिने आहेत. मी आठवीत शाळा सोडली, पण एवढी वजाबाकी मला येते.

म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, तार आत्ता काढली तर? त्यांनी हातातलं सामान खाली ठेवलं. म्हणाल्या, "काढता येते. दहा मिनिटांचं काम आहे. पण दात आता जुन्या जागी नाहीत. काढली तर हळूहळू मागे फिरतील, कुठे जाऊन थांबतील ते मी सांगू शकत नाही. आणि गेलेलं हाड येणार नाही." मी म्हणालो, वडिलांना माझा पूर्वीचा सूर ऐकायचा आहे. त्यांना तो शब्द कळला की नाही कोण जाणे. पण त्या म्हणाल्या, "पूर्वीचा मला देता येणार नाही. पुढचा वाचवता येईल."

मी तार काढली नाही, वहिनी. तुम्हाला हे वाईट वाटलं तर तसं लिहा. मला कोणीतरी ते म्हणावं असं वाटतंय.

आता एकच उपाय आहे. तारेसकट असं वाजवायचं, की बाबांनी ऐकून घ्यावं. त्यांनी मला तोंडावर कधी "बरा" म्हटलेलं नाही. ते सोडा. नुसतं ऐकून घेतलं आणि रेडिओ लावायला सांगितलं नाही, तरी पुरे.

धाकटा


रविवार, २० एप्रिल, सकाळी अकरा

बाबा,

इकडचं सगळं बरं. शिवशिव पुष्कळ कमी झाली. आता साधं पाणी पिता येतं, फक्त ते आधी जिभेवर धरायचं आणि मग दातांकडे सोडायचं, पाहुण्याला ओट्यावर बसवून मग घरात घ्यावं तसं. बाहेर पडताना तोंडावर रुमाल बांधतो. काका म्हणतात, दरोडा घालायचा तर बँकेत घाल, झांजा वाजवून काय मिळतंय.

वरचं वाक्य काकांचं आहे, त्यात झांजा त्यांनी गमतीने घातल्यात.

तार महिन्यातून एकदा आवळतात. वरच्या दोन दातांमधली फट आता जवळजवळ बुजली. काल आरशात बघताना वाटलं, हा माणूस कोणाचा तरी चुलतभाऊ असावा. ओळखीचा आहे, पण आपल्या घरचा नाही. जास्त बघितलं नाही, कोट इस्त्रीला न्यायचे होते.

वहिनी लिहितात, तुम्ही जेवण अर्धं टाकता. टाकू नका. कवळी टोचत असेल तर घासून मिळते, त्यासाठी नवी लागत नाही. हे मला आता माहीत झालंय.

धाकटा

(वहिनी, ही चिठ्ठी वेगळी काढून ठेवा. मला वाट सापडली आहे. आता दात टेकवतच नाही. दोन्ही ओठ दातांवर आत घेतो आणि ओठांवरच माउथपीस धरतो. त्यामुळे थरथर दातांपर्यंत पोचत नाही. ओठ पहिल्या आठवड्यात सुजले, आता घट्ट झालेत. पत्ती पुन्हा तीनची लावली. काल मास्तर दाराशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. पुढच्याच्या पुढच्या रविवारी, ४ तारखेला, दुपारी चार वाजता मला फोन करा आणि तो बाबांच्या कानाशी धरा. मी आहे हे सांगू नका. आजोबांनी बसवलेली ती संथ धून वाजवीन. ते ओळखतील. मग तुम्ही दोघं हसा.)


सोमवार, ५ मे, दुपारी

वहिनी,

काल मी फोन मध्येच ठेवला म्हणून तुम्ही रागावला असाल. तुम्ही पुन्हा तीनदा केलात, मी उचलला नाही. म्हणून लिहितो.

मी फोन क्लॅरिनेटच्या पेटीवर ठेवला होता, खाली घडी केलेला कोट. वाजवताना मला सगळं आठवत होतं, कुठे दम घ्यायचा, कुठे नाही. कुठेही तुटलो नाही. दात गप्प होते. शेवटचा सूर मी संपवला, तो आपणहून संपला नाही. इतकं चांगलं मी आजवर वाजवलेलं नाही, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. मग फोन कानाला लावला.

तुमच्याकडे पंखा फिरत होता. मग बाबा म्हणाले, "कोण आहे गं हा?"

तुम्ही म्हणालात, "तुम्हीच सांगा की."

"चांगला आहे. दम आहे पोराला. कुठून आणला मास्तरने?"

मागून दादा हसत म्हणाला, "ओळखा ना, बाबा!"

"ओळखायचं काय त्यात? आपल्यातला नाही. सूर गोल आहे, कुठे खरवड नाही. आपला सूर कसा, शेवटी जरा हवा सुटते, दातांच्या फटीतून. याची सुटत नाही. शिकलेला दिसतोय. बरा आहे हं. खरंच बरा आहे. मास्तरला म्हणावं, सोडू नको याला."

  मग बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या धाकट्याला बसवलं बाहेर. तरीच पत्रात झांजा आल्या. हा नको, बाई. आपला कधी वाजवणार, ते विचार."

तुम्ही बोलायला श्वास घेतलात तो मला ऐकू आला. तेव्हा मी फोन ठेवला.

वहिनी, सांगू नका. दादालाही दम भरा. मी काल दुपारपासून विचार करतोय आणि हे नीट शब्दांत मांडायला मला चार कागद लागले. बाबांनी त्या मुलाला बरा म्हटलं. तो मी आहे हे सांगितलं तर ते गप्प होतील, आणि तो बरा उरणार नाही. आणि ते ज्याची वाट बघतायत त्याचे दात आता तिथे नाहीत, तो कुठून येणार? सांगितलं तर दोघंही जातील. नाही सांगितलं तर निदान दोघंही राहतात.

फोन चांगला धरलात तुम्ही. आवाज स्वच्छ येत होता.

धाकटा


शनिवार, १७ मे, सकाळी साडेदहा

बाबा,

वहिनींच्या अक्षरात तुमचं बोलणं मिळालं. पहिल्यांदाच तुम्ही स्वतः सांगून पत्र घातलंत. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बसून वाचलं. तुम्ही लिहवलंत, "झांजांचं मला कळलं. लपवायला नको होतंस. झांजा धरणं काही कमी नाही, पण तू नाराज होऊ नकोस. तार निघाली की तुझाही सूर परत येईल. मी रागात बोललो होतो. घाई करू नकोस, तोवर मी थांबतो."

थांबा, बाबा. मी घाई करत नाही.

त्या नव्या मुलाबद्दल तुम्ही विचारलंत. माझ्याच वयाचा आहे. वडीलही वाजवायचे म्हणतो, पण फार बोलत नाही, लाजाळू आहे. तुम्ही "बरा आहे" म्हणालात हे मी त्याला सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. तुम्ही पाठवलेली नोटही दिली. तुमची आज्ञा म्हणून मास्तरने त्याला आता पुढच्या रांगेत उभा केलाय. मी त्याच्या मागे असतो. आमचं पटतं.

तुम्हाला चालत असेल तर तो दर रविवारी चारला तुमच्यासाठी वाजवेल. तुम्ही म्हणाल तेव्हा थांबेल. त्याच्या चुका सांगत जा, त्याला त्याच हव्या आहेत. मी फोन धरीन.

तारेला एकूण किती पडले, असं तुम्ही शेवटी विचारलंत. वहिनींनी ते खाली बारीक अक्षरात लिहिलंय, म्हणजे तुम्ही अंथरुणावर पडल्यावर आठवून सांगितलं असणार. हिशोब असा:

क्लिपा आणि तार, ठरलेले: ३२,०००
त्यातले सुरुवातीला दिले: ६,५००
पाच हप्ते, दीड हजारांप्रमाणे, दिले: ७,५००
डॉक्टरांचे देणे बाकी: १८,०००
शिवशिवीची पेस्ट, पाच नळ्या: ७५०
मऊ ब्रश आणि मेण: २४०
पत्त्या, दोनच्या आणि तीनच्या: ६००
मास्तरकडून उचल, फेडायची: ३,०००
नव्या मुलाला तुमच्याकडून बक्षीस: १००. त्याला पोचले.